फक्त मांसाहार करून वजन कमी करायचंय, सुरुवात कशी करू?

तुम्ही लिहिलंय की वय ३६, वजन ९८ किलो, शुगर बॉर्डरवर आलीय, फक्त मांस खाऊन बारीक झालेल्या लोकांचे व्हिडिओ बघितलेत आणि येत्या सोमवारपासून सुरू करायचं ठरवलंय, तर पहिल्या आठवड्यात काय खायचं आणि किती. मी हा प्रकार दोनदा केलाय. पहिल्यांदा नवव्या दिवशी सोडून दिला, दुसऱ्यांदा १४ आठवडे नीट केला आणि ९४ वरून ८३ वर आलो. मी डॉक्टर नाही, त्यामुळे जे भोगलं आणि त्या निमित्ताने जे वाचलं तेवढंच सांगतो.

आधी सोमवार पुढे ढकला. खरंच सांगतो, एक आठवडा थांबा आणि रक्त तपासून घ्या. लिपिड प्रोफाइल (कोलेस्ट्रॉल वगैरे), एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट), युरिक ॲसिड, लिव्हरच्या टेस्ट आणि ब्लड प्रेशर एवढं तरी हातात पाहिजे, कारण तीन महिन्यांनी तुम्ही परत टेस्ट कराल तेव्हा आधीचे आकडेच नसतील तर डाएटने बरं झालं की वाईट हे कुणालाच सांगता येणार नाही. मी पहिल्या वेळी हे केलं नव्हतं.

आणि शुगर बॉर्डरवर म्हणताय, तर गोळी चालू आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही. हे फार महत्त्वाचं आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि तुम्ही कार्ब (म्हणजे भात, पोळी, साखर यातली कार्बोहायड्रेट) एकदम शून्यावर आणले तर शुगर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते, कारण औषधाचा डोस तुमच्या जुन्या जेवणाच्या हिशोबाने ठरवलेला असतो. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन गटातली गोळी असेल तर अजून वेगळी भीती, त्यात शुगर फार वाढलेली न दिसताही कीटोॲसिडोसिस, म्हणजे रक्तात कीटोन नावाची आम्लं धोकादायक इतकी साठणं, होऊ शकतो, त्यामुळे ग्लुकोमीटर बघून तुम्ही निर्धास्त राहाल आणि आतून तब्येत बिघडत असेल. ब्लड प्रेशरच्या गोळ्यांचंही तसंच, पहिल्या दोन आठवड्यात प्रेशर उतरतं आणि उभं राहिलं की चक्कर येते. यातलं काहीही चालू असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय सुरू करू नका. किडनीचा आजार, गाउट (युरिक ॲसिडने सांधे सुजतात तो आजार), मुतखड्याचा इतिहास, गरोदरपण, खाण्याशी संबंधित मानसिक त्रास यातलं काही असेल तर माझं मत सरळ आहे की हा डाएट तुमच्यासाठी नाही.

आता खाण्याकडे येतो. माझ्या पहिल्या प्रयत्नात झालेली चूक बहुतेक सगळे नवीन लोक करतात म्हणून ती सविस्तर सांगतो. मला वाटलं मांस म्हणजे प्रोटीन आणि चरबी तर वाईट, मग मी रोज ६०० ग्रॅम चिकन ब्रेस्ट आणि अंड्याचा फक्त पांढरा भाग खायला लागलो. हिशोब केला तर दिवसाला जेमतेम सात-आठशे कॅलरी जात होत्या. चौथ्या दिवसापासून डोकं दुखायचं, पोट भरलेलं असायचं पण भूक जायची नाही, हे विचित्र वाटेल पण अगदी असंच होतं, जेवून उठलो तरी काहीतरी खावंसं वाटायचं, मग जुलाब सुरू झाले, रात्री पायाला गोळे यायचे आणि नवव्या दिवशी मी ऑफिसच्या जिन्यात बसून राहिलो, चढवतच नव्हतं.

नंतर वाचताना कळलं की ही गोष्ट जवळजवळ शंभर वर्षांपासून माहिती आहे. विल्यल्मुर स्टेफान्सन नावाचे आर्क्टिकमध्ये फिरलेले संशोधक होते, इन्युइट लोकांबरोबर राहून त्यांनी तिथलं जेवण खाल्लेलं. १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते आणि त्यांचे एक सहकारी वर्षभर फक्त मांसावर राहिले. सुरुवातीला डॉक्टरांनी एकट्या स्टेफान्सनना मुद्दाम बिनचरबीचं मांस दिलं तर दोन-तीन दिवसातच मळमळ आणि जुलाब, आणि चरबी वाढवल्यावर ते बरे झाले. पुढे वर्षभर त्या दोघांच्या कॅलरींपैकी तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग चरबीतूनच येत होता. नुसत्या सशाच्या मांसावर राहणारी माणसं भरपूर खाऊनही खंगतात असा जुना अनुभव आहे, तो याच कारणाने. दोन माणसांवरच्या प्रयोगाने डाएट सुरक्षित आहे असं काही सिद्ध होत नाही, पण नुसतं लीन मीट चालत नाही हे मात्र त्यातून नीट कळतं. कार्ब काढून टाकले की शरीराला जळण म्हणून चरबीच उरते, प्रोटीनवर सगळी गाडी चालवायला गेलात की ती बंद पडणारच.

म्हणून तुमच्यासाठी हिशोब असा करा. समजा तुम्हाला ७५ किलोपर्यंत यायचंय, तर त्या ७५ ला दीड ग्रॅमने गुणा, साधारण ११० ग्रॅम प्रोटीन झालं. १०० ग्रॅम कच्च्या मांसात २० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, एका अंड्यात ६, म्हणजे ४०० ग्रॅम मांस आणि ५ अख्खी अंडी, पिवळ्यासकट, एवढ्यात काम होतं. मांस थोडं चरबी असलेलं घ्या, मटण, चिकनच्या मांड्या सालीसकट, खिमा, आणि वर दोन-तीन चमचे लोणी. सगळं मिळून १५००-१६०० कॅलरीच्या घरात जातं. पण पहिल्या आठवड्यात कॅलरी मोजत बसू नका, पोट भरेपर्यंत खा, कारण त्या आठवड्यात शरीर नवीन जळणाची सवय करतंय आणि त्याच वेळी उपाशीही राहिलात तर दोन्हीकडून मार बसतो. चरबीही एकदम वाढवू नका हं, पित्ताला सवय लागायला वेळ लागतो, पहिल्या दिवशीच भरपूर लोणी खाल्लं तर पोट धावणार. पित्ताशय काढलेलं असेल तर अजूनच सावकाश.

मासे विसरू नका. आठवड्यातून तीन-चार वेळा बांगडा, तारली, सामन असे तेलकट मासे खा, ओमेगा थ्री आणि व्हिटॅमिन डी त्यातूनच मिळतं आणि छोटे मासे काट्यासकट खाल्ले तर कॅल्शियमही. कलेजी चांगली पण थोडीच. इंटरनेटवर रोज कलेजी खा असं सांगणारे लोक आहेत, ते ऐकू नका, १०० ग्रॅम कलेजीत व्हिटॅमिन ए दिवसाच्या ३००० मायक्रोग्रॅमच्या वरच्या मर्यादेपेक्षा बरंच जास्त असतं आणि ते शरीरात साठतं. आठवड्यातून एकदा छोटी वाटीभर पुरे. सॉसेज, सलामी, बेकन यावर तर डाएट उभाच करू नका, २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सरला कारणीभूत ठरणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय, आणि रेड मीट बहुधा कारणीभूत या त्याच्या खालच्या गटात. ताजं मांस घ्या, आणि फार करपवू नका, शिजवून किंवा मंद आचेवर.

मीठ. याच्यावर तुमचे पहिले दहा दिवस अवलंबून आहेत. कार्ब बंद झाले की इन्सुलिन खाली येतं आणि मग किडनी सोडियम बाहेर टाकायला लागते, सोबत पाणी पण जातं. डोकेदुखी, थकवा, धडधड, चिडचिड, पायात गोळे या सगळ्याला लोक कीटो फ्लू म्हणतात आणि डाएट सोसत नाही असं समजून सोडून देतात. दुसऱ्या वेळी मी हाडांचं सूप करून ठेवायचो आणि दिवसातून दोनदा त्यात नीट मीठ घालून प्यायचो, जेवणातलं मीठ धरून साधारण दीड चहाचा चमचा मीठ दिवसभरात जायचं (एका चमच्यात २३०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं). डोकेदुखी तासाभरात कमी व्हायची. पण माझं प्रेशर नॉर्मल आहे आणि किडनी ठीक आहे म्हणून मी हे केलं. ज्याला ब्लड प्रेशर, हार्ट किंवा किडनीचा त्रास आहे त्याने मीठ स्वतःच्या मनाने वाढवू नये, आणि पोटॅशियमच्या गोळ्या तर कुणीच मनाने घेऊ नयेत, त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

पहिल्या आठवड्यात वजनकाटा तुम्हाला खूप खूश करेल. माझं सहा दिवसात साडेतीन किलो गेलं होतं. ती चरबी नाही. शरीरात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन (साठवणीतली साखर) साठलेलं असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमला जवळजवळ तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, कार्ब बंद केले की ते संपतं आणि पाणी निघून जातं. हे आधीच माहिती असलं की तिसऱ्या आठवड्यात काटा हलायचा थांबतो तेव्हा माणूस खचत नाही. त्यानंतर आठवड्याला अर्धा किलो, कधी पाऊण, असा खरा वेग असतो, आणि कंबरेचं माप काट्यापेक्षा जास्त खरं सांगतं.

वजन का उतरतं याबद्दल माझं मत, कार्निव्होरवाल्या (फक्त मांसाहार करणाऱ्या) लोकांना आवडणार नाही तरी, असं आहे की यात जादू नाही. प्रोटीनने पोट लवकर भरतं, गोड, तळलेलं, पाकिटातलं सगळं एका फटक्यात बंद होतं, येताजाता तोंडात टाकायला काही उरत नाही आणि आपोआप कमी खाल्लं जातं. ज्यांना थोडंसं खाऊन थांबता येत नाही अशा माझ्यासारख्या माणसाला हे नियम सोपे पडतात. एक बिस्किट खाल्लं की मी अख्खा पुडा संपवायचो, शून्य म्हटलं की तो प्रश्नच मिटला. ज्याला थांबता येतं त्याने एवढं टोकाला जायची गरज नाही असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

पोट साफ होण्याबद्दल सगळे विचारतात. फायबर शून्य असल्यामुळे शौचाला रोज होणार नाही, दोन-तीन दिवसांनी होईल, पोट दुखत नसेल आणि कडक होत नसेल तर घाबरू नका. कडक होत असेल तर बहुतेक वेळा चरबी किंवा पाणी कमी पडतंय.

आता कोलेस्ट्रॉल, आणि इथे मला तुमची खरी काळजी वाटते. १४ आठवड्यांनी माझं ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१० वरून ९५ वर आलं, शुगर सुधारली, मी आनंदात होतो, आणि एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्ट्रॉल म्हणतात ते, ११८ वरून १८७ झालेलं. मी एकटा नाही. २०२१ मध्ये २०२९ कार्निव्होर लोकांचा एक सर्व्हे छापून आला, बहुतेक लोक समाधानी होते पण ज्यांनी रिपोर्टचे आकडे दिले त्यांचं मधलं एलडीएल १७२ होतं. आणि ते सगळे सोशल मीडियावरून स्वतःहून आलेले लोक, म्हणजे ज्यांना त्रास झाला आणि सोडून गेले ते त्यात फारसे आलेच नसणार. बरेच जण म्हणतात की या डाएटमध्ये एलडीएल वाढलं तरी चालतं. ते सिद्ध झालेलं नाही, वर्षानुवर्षं असं खाणाऱ्या लोकांच्या हृदयाचं काय होतं हे नीट तपासणारा मोठा प्रयोगच झालेला नाही. माझ्या घराण्यात हार्टचा इतिहास आहे, मी स्वतःच्या धमन्यांवर तो प्रयोग करायला तयार नव्हतो. म्हणून मी तुम्हाला सांगेन की सुरू करायच्या आधीच शेवटची तारीख ठरवा, बारा आठवडे, सहाव्या आठवड्यात एकदा लिपिड बघा, एलडीएल १९० च्या दिशेने निघालं असेल तर तारखेची वाट न बघता थांबा आणि डॉक्टरांशी बोला. छातीत दुखणं, सतत धडधड, अंगठ्याचा सांधा सुजून लाल होणं, सारख्या उलट्या यातलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे.

बाहेर पडायचं कसं हेही आत्ताच ठरवून ठेवा, कारण बहुतेकांचं वजन तिथेच परत येतं. मी आधी हिरव्या भाज्या आणल्या, दोन आठवड्यांनी डाळी आणि फळं, धान्य सगळ्यात शेवटी आणि तेही एकाच जेवणात, लोणी जवळजवळ बंद करून त्या जागी मासे आणि सुकामेवा. चार दिवसात पावणेदोन किलो वाढलं तेव्हा छातीत धस्स झालं, पण ते पहिल्या आठवड्यात गेलेलं पाणीच परत आलेलं होतं, नंतर काटा तिथेच थांबला. तीन महिन्यांनी एलडीएल १३१ झालं. सकाळची अंडी आणि साखर बंद, या दोन गोष्टी मात्र मी अजून सोडलेल्या नाहीत.