वाचकांचे प्रश्न : रेंज नसलेल्या दरीत मोबाइल कशाच्या उपयोगाचा?

प्रश्न : आमचा सतरा जणांचा गट गेल्या डिसेंबरात साम्रद गावाहून सांदण दरीत उतरला. पहिल्या दोराच्या टप्प्यानंतर पुढचे आठ जण आणि मागचे नऊ जण यांची फारकत झाली व दोन तास एकमेकांचा पत्ता लागला नाही. सतरा मोबाइल खिशात होते, पण रेंज एकालाही नव्हती. नेटवर्कशिवाय ब्लूटूथवरून निरोप पाठवणारी अ‍ॅप मिळतात असे ऐकले आहे. ती अशा ठिकाणी चालतात का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : चालतात, पण आपल्याला जिथे हवी होती नेमकी तिथे नाही.

आपला सोबती दहा पावलांवर उभा असला तरी त्याला लावलेला फोन आधी कंपनीच्या टॉवरकडे जातो आणि तिथून परत त्याच्याकडे येतो. टॉवर दिसेनासा झाला की हा मार्ग तुटतो. मात्र त्याच फोनमध्ये ब्लूटूथ आणि वायफाय असे दोन छोटे रेडिओही असतात, व त्यांना टॉवर लागत नाही. आपण म्हणता ती अ‍ॅप हेच रेडिओ वापरतात आणि एका फोनचा निरोप दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे असा हस्ते-परहस्ते पुढे सरकवतात. हाँगकाँगच्या आंदोलनांत २०१४ मध्ये फायरचॅट आणि २०१९ मध्ये ब्रिजफाय हे अ‍ॅप गाजले ते यामुळेच. पण तिथे रस्त्यावर हजारो माणसे खांद्याला खांदा लावून उभी होती, हे विसरून चालणार नाही. गर्दी हाच त्या जाळ्याचा धागा होता. सतरा माणसे दरीत अर्धा किलोमीटर पसरली, तर मधली एकच कडी तुटल्याने सगळी साखळी निकामी होते. मोकळ्या मैदानात कित्येक मीटर जाणारे ब्लूटूथ सांदणसारख्या घळीत कातळाच्या एका वळणाआड संपते. शिवाय या लहरी पाणी शोषून घेते, आणि माणसाचे शरीर हे बहुतांशी पाणीच असते. तेव्हा सॅकच्या तळाशी, पाण्याच्या बाटलीखाली दडवलेल्या फोनकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

अ‍ॅपच्या निवडीबाबतही थोडे जपून. ब्रिजफायवरील निरोप त्रयस्थाला वाचता येतात, हे लंडनच्या रॉयल हॉलोवे येथील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले होते. पुढे त्या अ‍ॅपने निरोप गुप्त ठेवण्याची आपली कूटपद्धती बदलली. ब्रायर हे अशाच प्रकारचे अ‍ॅप केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये इतर तेरा अ‍ॅपसह भारतात बंद केले, त्यामुळे त्याच्या वाटेला जाऊ नये. ट्विटरचे एक संस्थापक जॅक डॉर्सी यांनी जुलै २०२५ मध्ये आणलेले बिटचॅट हे ब्लूटूथवर चालणारे अ‍ॅपही चर्चेत आले. दोराच्या टप्प्यावर रांग लागलेली असताना वरच्याने खालच्याला ‘दोर मोकळा’ असे कळवण्यापुरते ते कामाचे आहे, पण तेवढ्या अंतरावर हाकही पोहोचते.

आपल्या अडचणीवर अधिक खात्रीचा उपाय म्हणजे लोरा नावाच्या तंत्राचा छोटा रेडिओ. काडेपेटीहून थोडे मोठे असे हे उपकरण ब्लूटूथने आपल्या फोनला जोडले की फोन हा केवळ पडदा व कळफलक उरतो, आणि दूरचे बोलणे तो रेडिओ करतो. मेशटास्टिक हे त्यासाठीचे मोफत सॉफ्टवेअर आहे. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो; त्यामुळे अमेरिकेतील ९१५ मेगाहर्ट्झचे उपकरण स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये, आणि अ‍ॅपमध्ये प्रदेश म्हणून भारत निवडल्याखेरीज निरोप पाठवू नये. अँटेना बसवल्याशिवाय उपकरण सुरू केल्यास त्याचा प्रक्षेपक जळण्याची शक्यता असते. नवखे लोक हीच चूक हमखास करतात.

लोरालाही डोंगर भेदता येत नाही, त्याला नजरेची सरळ रेषा हवी. म्हणून दोन रेडिओ घेऊन घळीत उतरण्याऐवजी तीन घ्यावेत : एक म्होरक्याकडे, एक शेपटाला, आणि तिसरा दरीच्या काठावर थांबलेल्या माणसाकडे. काठावरच्या रेडिओला दोन्ही गट दिसत असतील, तर तो निरोप आपोआप पुढे ढकलतो. एका रेडिओवरून दुसऱ्यावर अशा निरोपाच्या उड्या मुळात तीन ठेवलेल्या असतात आणि सातपर्यंत वाढवता येतात. घळ फार अरुंद व वळणांची असेल तेथे काठावरची जागा दोन-तीनदा बदलावी लागेल, याची तयारी ठेवावी.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक गंमत सांगितली पाहिजे. एका निरोपात साधारण दोनशे बाइट मावतात आणि देवनागरीचे प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा, इतकेच काय हलन्तसुद्धा तीन-तीन बाइट खाते. ‘सर्व ठीक, पुढे निघालो’ एवढ्याला ५५ बाइट लागतात. तेच रोमन लिपीत लिहिले तर २५ पुरतात. खुणेचे आकडे आधी ठरवून घेतले की हा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : माझा मुलगा कॅनडात गिर्यारोहण करतो. त्याच्याकडे उपग्रहावरून निरोप पाठवणारे लहानसे यंत्र आहे. सुट्टीत येताना ते माझ्यासाठी घेऊन येतो म्हणतो. आणू द्यावे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कृपा करून नको म्हणून सांगा. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय उपग्रह फोन बाळगणे भारतात गुन्हा आहे. थुराया आणि इरिडियम या उपग्रहांच्या जाळ्यांवरील उपकरणांना तर स्पष्ट मनाई आहे, आणि गार्मिनचे इनरीच हे गिर्यारोहकांचे लाडके यंत्र इरिडियमवरच चालते. डिसेंबर २०२४ मध्ये असेच यंत्र जवळ असल्यामुळे एका कॅनेडियन प्रवासी महिलेला गोव्याच्या विमानतळावर अडवण्यात आले होते. आयफोन १४ पासून पुढच्या फोनांत संकटसमयी उपग्रहाशी जोडण्याची सोय असते. ती नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिका व कॅनडात सुरू झाली, पण भारतात फोन तोच असला तरी तिच्यावर विसंबून दरीत उतरू नये.

प्रश्न : नेट नसताना फोनवरचा नकाशा बंद पडतो का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नकाशाचे चित्र नेटवरून येते, आपले ठिकाण मात्र थेट उपग्रहांकडून कळते, त्याला सिमकार्डही लागत नाही. ऑसमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्ससारख्या अ‍ॅपमध्ये त्या भागाचा नकाशा घरीच उतरवून घ्यावा. नेट नसताना पहिले ठिकाण सापडायला काही मिनिटे लागू शकतात, म्हणून वाट सुरू करण्यापूर्वी मोकळ्या आभाळाखाली फोन थोडा वेळ धरावा. घळीत आभाळाची चिंचोळी पट्टीच दिसते, तेथे नकाशावरचा ठिपका इकडून तिकडे उड्या मारतो. त्यावर विश्वास ठेवू नये.

रेंज शोधण्यात फोनची बॅटरी झपाट्याने उतरते, त्यामुळे दरीत विमान मोड चालू ठेवावा. बहुतेक फोनांत त्याही अवस्थेत ठिकाण कळते. धारेवर किंवा खिंडीत आल्यावर हा मोड बंद करून पाहावा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कोणत्याही कंपनीचा टॉवर पोहोचत असल्यास ११२ हा क्रमांक लागू शकतो. आपल्या कंपनीची रेंज येऊन-जाऊन असेल, तर बोलणे तुटते तेथेही साधा एसएमएस निघून जातो. त्यात अक्षांश-रेखांश, जखमींची संख्या आणि वेळ एवढेच लिहावे. बचावपथक निघते ते जवळच्या गावातूनच, तेव्हा उतरण्यापूर्वी साम्रदमध्ये ज्यांच्याकडे जेवलात त्यांच्याजवळ एका कागदावर सगळ्यांची नावे आणि परतण्याची वेळ लिहून ठेवावी.