फक्त भात अन् पापड

“मॅडम, हा काहीच नाही खात.”

हे वाक्य ऐकल्याशिवाय माझा आठवडा सहसा जात नाही. जरा खोदून विचारलं की त्या ‘काहीच नाही’मधून चार-पाच पदार्थ निघतात. पण तेच ते, त्याच ताटलीत, त्याच हातचे. मुलाला ऑटिझम असतो, कधी एडीएचडी (लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही), कधी दोन्ही. कधी निदान व्हायचंच असतं. आईच्या पर्समध्ये कुणीतरी दिलेल्या डाएट चार्टची घडी असते. आणि ‘तूच लाडावून ठेवलंस’ हे तिला घरात कुणीतरी आधीच ऐकवलेलं असतं.

म्हणून सोनूची गोष्ट सांगते. नाव खरं नाही. दोन-तीन घरांतलं एकत्र करून, ओळखीच्या खुणा बदलून लिहिते आहे.

सोनू आठ वर्षांचा. नागपुरात मानेवाड्याकडे घर, वडील बुटीबोरीच्या कारखान्यात शिफ्टमध्ये, आई घरी शिकवण्या घेते, आणि आजी. बोलतो कमी, पण बोलतो ते नेमकं. जेवणात मोकळा पांढरा भात, एकाच कंपनीचा भाजलेला मुगाचा पापड, ग्लुकोजची बिस्किटं आणि स्टीलच्या एकाच ग्लासातून दूध. दूध मात्र दिवसाला लिटरभर, पोटात काहीतरी जातंय एवढंच घरच्यांना समाधान. पूर्वी डोसाही खायचा. तो का सुटला ते पुढं येईल.

पहिल्या भेटीत आजीच जास्त बोलल्या. “दोन दिवस उपाशी ठेवा, आपोआप खाते. याच्यापायी अख्खं घर येडं होऊन राहिलं. आमच्या टायमाले कोणी असे नखरे चालू देत होतं काय?”

आजींना उडवून लावणं सोपं असतं. मी ते करत नाही. बहुतेक घरांत स्वयंपाकघराचा शेवटचा शब्द त्यांचाच असतो, आणि त्या बाजूनं झाल्या तर निम्मं काम होतं. मी म्हटलं, “आजी, अमेरिकेत लिओ कॅनर नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १९४३ साली ११ मुलांबद्दल लिहिलं, तेव्हापासून डॉक्टर लोक ऑटिझम ओळखायला लागले. त्या ११ मधल्या सहा मुलांना भरवणं तान्हेपणापासूनच फार कठीण होतं, असं त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलंय.”

“तवा तं मोबाईल नव्हते.”

“नव्हते.”

“मंग?”

त्या ‘मंग’नंतर ‘नखरे’ हा शब्द आजींनी माझ्यासमोर तरी पुन्हा काढला नाही.

उपाशी ठेवण्याचा सल्ला कुठून येतो ते मला कळतं. बहुतेक मुलं भूक लागली की खरंच खातात. पण काही मुलांना पोटातून येणारी भुकेची जाणीवच मंद असते किंवा उशिरा होते, आणि समोरच्या पदार्थाची धास्ती त्या भुकेपेक्षा मोठी असते. अशी मुलं उपाशी राहतात, चिडतात, गळून जातात, पण खात नाहीत. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत २०१३ साली या प्रकाराला स्वतंत्र नाव मिळालं, ‘आरफिड’. बारीक दिसण्याची हौस यात कुठंच नसते. पोत, वास, रंग यांचा त्रास, नाहीतर घशात अडकेल, उलटी होईल ही भीती, किंवा खाण्यात मुळात गोडीच नसणं, यांपैकी काहीतरी असतं. खाण्यात चोखंदळ असलेल्या प्रत्येक मुलाला हे लेबल लावू नये. पण भुकेला शिक्षेसारखं वापरण्याआधी एवढं माहीत असलेलं बरं.

आता ज्या दिवशी गाडी वळणावर आली, तो दिवस.

डिसेंबर होता. बर्डीवर संत्र्यांच्या गाड्या लागलेल्या. माझ्या टेबलावर एक संत्रं होतं. मुलांसमोर मी फळ ठेवते ते त्यांना खाऊ घालायला नाही, मला खायचं असतं म्हणून. सोलायला घेतलं, सालीचा तो बारीक फवारा उडाला आणि सोनूनं खुर्ची भिंतीपर्यंत मागं नेली. मी संत्रं डब्यात टाकून झाकण लावलं. खुर्ची हळूहळू परत आली.

आई कसनुसं हसली. “संत्र्यांच्या गावचा मुलगा, अन् संत्र्याला हात नाही लावत. डॉक्टर म्हणतात, व्हिटॅमिन सी द्या. कुठून देऊ?”

सोनू डब्याकडं बघत होता. म्हणाला, “संत्र्यात बी असते.”

“असते,” मी म्हटलं.

“कधी असते, कधी नसते.”

आई काही बोलणार होती, मी हातानंच थांबवलं. ही माझी जुनी सवय आहे, आणि खरं सांगायचं तर या एका गोष्टीत मला स्वतःबद्दल खात्री आहे: मूल स्वतःहून बोलायला लागलं की मी माझे सगळे प्रश्न गिळून टाकते.

“एक फोड गोड असते. मग आंबट येते. सांगत नाही.”

“कोण सांगत नाही?”

“संत्रं.”

“आणि पापड?”

“पापड पापडच असते.”

खोलीत पंखा सुद्धा चालू नव्हता. आईनं आधी पोराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आणि मग ती जे बोलली ते मी शिकवून तिला कधीच बोलता आलं नसतं. “मॅडम, म्हणजे माझं वरण... ते तर रोजच वेगळं होते. कधी पातळ, कधी घट्ट. यांना लसणाची फोडणी लागते, आईंना हिंगाची. वरून सांबार टाकला की हिरवे हिरवे कण.” (नागपूरबाहेरच्यांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि पुढं येणारी लवकी म्हणजे दुधी भोपळा.) जरा थांबून हळू आवाजात, “अन् डोशाच्या पिठात मी लवकी वाटून टाकली होती. कळणार नाही, वाटलं मला. त्या दिवसापासून डोसा बंद.”

डोसा सुटला तो असा. भाजी लपवून देण्याचा सल्ला सगळीकडं मिळतो आणि ज्या मुलाला फरक कळत नाही तिथं तो खपूनही जातो. पण सोनूसारख्याची जीभ आपल्यापेक्षा कितीतरी तल्लख असते. त्याला लवकी सापडते आणि मग लवकीबरोबर डोसाही जातो, वर आईच्या हातचं कुठलंही नवं काही संशयाच्या यादीत जातं. चार पदार्थ खाणाऱ्या मुलाकडचा एक पदार्थ घालवणं परवडणारं नाही. म्हणून माझ्याकडं हा नियम पक्का आहे: मूल भरवशानं खातं त्या पदार्थात काहीही मिसळायचं नाही. औषधसुद्धा नाही.

बिस्किटाबद्दल घराघरात राग असतो, तोही जरा बाजूला ठेवू. कारखान्यातलं बिस्किट दर वेळी त्याच रंगाचं, त्याच जाडीचं, तोच आवाज करणारं असतं. मुलाला मैद्याचं प्रेम नसतं. पुढचा घास कसा लागणार हे त्याला आधी ठाऊक हवं असतं. हे एकदा कळलं की घरच्या अन्नालाही ठरावीकपणा आणता येतो.

आणि सोनूच्या यादीत एक गोष्ट लपलेली होती, ती सापडली तेव्हा मला फार बरं वाटलं. मुगाचा पापड म्हणजे डाळच ना! डाळीशी त्याचं वैर नव्हतंच, ओल्या, गुळगुळीत, रोज बदलणाऱ्या वरणाशी होतं.

पण डाळीकडं लगेच गेलो नाही. सुरुवातीचे बरेच दिवस आम्ही नवीन काहीही दिलं नाही. वडील वैतागले. “मग तुम्ही करून काय राहिल्या, मॅडम?” करत होते ते असं, की जेवणाच्या जागेवरचा धाक काढत होते. माझा कल एलिन सॅटर यांच्या विचाराकडं आहे, तो मी लपवत नाही. त्या आहारतज्ज्ञ आणि कुटुंबांबरोबर काम करणाऱ्या थेरपिस्ट. त्यांची वाटणी साधी आहे: काय वाढायचं, कधी आणि कुठं, हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. सोनूसारख्यांसाठी मी त्यात दोन गोष्टींवर जास्त जोर देते. एक, ताटात त्याच्या ओळखीचं काहीतरी दर जेवणाला असलंच पाहिजे. दुसरं, त्याच्या भुकेची वाट बघत बसायचं नाही, वेळ घड्याळानं पाळायची.

वडिलांना सांगितलेलं काम त्यांना सगळ्यात जड गेलं: सोनूच्या ताटाकडं न बघता स्वतःचं जेवण जेवायचं. ‘एक घास बाबासाठी’ नाही, ‘खाल्लंस तर मोबाईल’ नाही, खाल्लं तर टाळ्याही नाहीत. कौतुकसुद्धा दडपणच असतं, हे पटायला वेळ लागतो. कुकरच्या शिट्टीला सोनू कान झाकायचा, म्हणून कुकर त्याच्या जेवणाआधी उतरवायचं ठरलं. मोबाईल मी पहिल्याच दिवशी काढून घेऊ नका म्हटलं. आवाज आणि गडबडीपासून आडोसा म्हणून काही मुलं तो धरून बसतात. मोबाईलमध्ये डोळे असताना तोंडात चमचा सारण्याची सवय मात्र आधी बंद.

मग वाटीचा क्रम. नवा पदार्थ सोनूच्या ताटात नाही, शेजारी वेगळ्या वाटीत, नखाएवढा. बघितला तरी चालेल, हात लावला तरी चालेल, ढकलला तरी चालेल. नवी चव अंगवळणी पडायला साध्या मुलांनाही आठ-दहा-पंधरा वेळा ती समोर यावी लागते. इथं त्याहून जास्त धीर धरायचा. पापड भातावर चुरून झाला. मग दुसऱ्या कंपनीचा मुगाचा पापड, तोही शेजारच्या वाटीत. आणि मग आजी कामाला आल्या.

वडाभात आपल्या विदर्भाचा. भरड वाटलेल्या डाळींचे वडे तळायचे, भातावर कुस्करायचे, वरून फोडणीचं तेल. आजींच्या वड्यांची गल्लीत ख्याती. त्यांना म्हटलं, “आजी, वडे पापडासारखे कडक पाहिजेत, बिनमिरचीचे, अन् सगळे अगदी एकसारखे. जमेल?” हे आव्हानच होतं. त्यांनी औषधाच्या बाटलीचं झाकण माप म्हणून घेतलं, प्रत्येक वडा त्याच झाकणानं, त्याच जाडीचा. कांदा नाही, सांबार नाही. सोनूनं बरेच दिवस ते नुसते ओळीत लावले. मग एक मोडून त्याचा आवाज ऐकला. मग जिभेला लावून परत ठेवला. आजींनी तोंडातून चकार शब्द काढला नाही, आणि त्यांच्यासाठी ते किती अवघड असेल याची मला कल्पना आहे. आज तो भाताबरोबर तीन-चार वडे खातो. वरण अजूनही खात नाही. संत्रंही नाही. गाळलेलं लिंबाचं सरबत मात्र घेतो, मीठ-साखर मोजून घातलेलं, झाकणाच्या कपातून, स्ट्रॉनं.

यात बालरोगतज्ज्ञ सुरुवातीपासून सोबत होते, आणि ते तसंच हवं. वजन-उंचीचा तक्ता, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, व्हिटॅमिन डी बघितलं गेलं. लोह कमी निघालं, आणि लिटरभर दुधाचा त्यात वाटा होता: दुधात लोह जवळपास नसतंच, त्यातलं कॅल्शियम लोह नीट शोषू देत नाही आणि पोट भरलेलं राहतं. दूध हळूहळू अर्ध्या लिटरच्या आत आणलं आणि जेवणानंतर ठेवलं. लोहाचं औषध दुधात मिसळायचं नाही. चव चालत नसेल तर डॉक्टरांना दुसरा प्रकार मागायचा. बद्धकोष्ठताही विचारून घ्या, पोट साफ नसलेलं मूल कसं जेवणार? एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेट हे औषध चालू असेल तर दुपारची भूक बऱ्याचदा मरते. गोळीआधी भरपेट नाश्ता, आणि औषध उतरल्यावर संध्याकाळी पुन्हा नीट जेवण, हे डॉक्टरांशी बोलून बसवता येतं.

गहू आणि दूध पूर्ण बंद करून ऑटिझम सुधारतो, असं सांगणारे चार्ट मला दाखवले जातात. त्याला भक्कम पुरावा नाही. सिलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणारा आजार) किंवा ॲलर्जी तपासणीत निघाली तर गोष्ट वेगळी. नाहीतर मोजकंच खाणाऱ्या मुलाच्या ताटातून आणखी दोन गोष्टी काढण्याला मी माझ्यापुरता ठाम नकार देते.

शाळेच्या डब्याचं एक राहिलं. ‘रोज पोळी-भाजीच आणा’ हा नियम बहुतेक मुलांसाठी चांगला आहे, पण सोनूसारखं मूल मग दिवसभर उपाशी राहतं. वर्गशिक्षिकेला भेटून सांगा, डॉक्टरांचं किंवा समुपदेशकाचं पत्र द्या. शाळेत नवीन पदार्थाचे प्रयोग करू नका. डब्यात खात्रीचंच जाऊ द्या.

आणि काही वेळा माझ्यासारखीकडं येण्यात वेळ घालवू नये. वजन उतरतंय किंवा बरेच महिने वाढतच नाही, जेवताना ठसका लागतो, घास अडकतो, वारंवार उलटी होते, खाल्ले जाणारे पदार्थ एकेक करून गळत चालले आहेत, पाणीही नाकारतंय, हिरड्यांतून रक्त येतं किंवा पाय दुखतात म्हणून चालत नाही, तर आधी बालरोगतज्ज्ञ. शेवटच्या दोन गोष्टी उगाच लिहिल्या नाहीत. वर्षानुवर्षं मोजक्याच पांढऱ्या पदार्थांवर राहिलेल्या ऑटिझमच्या मुलांमध्ये व्हिटॅमिन सीअभावी स्कर्व्ही निघाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानचं एम्स, तिन्हीकडं बालरोग विभाग आहे. जाताना मूल आठवडाभरात काय काय खातं ते कागदावर लिहून न्या, ब्रँडसकट, आणि काय खात नाही ती यादी घरीच ठेवा.