खोगीर आणि खोगीरभरती

प्रश्न : ताई, भाचीने आग्रह केला म्हणून रेबेका यारॉस यांची 'फोर्थ विंग' हातात घेतली. माझं वय 53. ड्रॅगन, युद्धशाळा, विशीतली पोरं. म्हटलं, दहा पानांत झोप लागेल. दोन रात्रींत पुस्तक संपलं! लगेच पुढचा भाग, 'आयर्न फ्लेम' सुरू केला, तर अर्ध्यावर जीव कंटाळला. तिसरा भाग, 'ऑनिक्स स्टॉर्म', तीनदा उघडून मिटला. भाची म्हणते, "मावशी, तुझं वय झालं." खरंच तसं आहे का?

उत्तर : वयाचा काय संबंध? तसं असतं तर पहिलीच्या दोन रात्री तुम्ही जागला नसता. भाचीला सांगा, मी तुमच्याहून मोठी आहे आणि माझीही गाडी तिथेच अडली.

का अडली, ते शोधायला मी 'फोर्थ विंग' पुन्हा चाळली. मला आठवत होतं ते नायकाचं, झेडनचं, दिसणं नव्हे, त्याचं वर्णन तर मी दोन्ही वेळा भराभर उलटलं. आठवत होता तो बूट. पहिल्याच दिवशी पावसात त्या अरुंद कठड्यावरून चालत जायचंय, खाली खोल दरी. नायिका व्हायोलेटच्या बुटांचे तळवे पकड घेणारे आहेत, शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी मुलीचे गुळगुळीत. तर ही बाई आपला एक बूट काढून तिला देते आणि तिचा एक स्वतःच्या पायात घालते. एकेक पाय दोघींचा सावरला! त्या पानावर मी व्हायोलेटच्या बाजूची झाले ती झालेच.

दुसरी आठवण खोगिराची. व्हायोलेटचे सांधे जरा ताण आला की निखळतात. लेखिकेला स्वतःलाही तसाच सांध्यांचा आजार आहे, म्हणून ते दुखणं सजावटीपुरतं येत नाही. टेर्नसारख्या अवाढव्य ड्रॅगनच्या पाठीवर ही टिकणार कशी? तर तिच्यासाठी खोगीर तयार होतं, आणि त्यामागे झेडन असतो. "तुझ्यावाचून मी जगू शकत नाही" हे वाक्य कुणीही लिहील. ही पडू नये म्हणून पट्टा कुठे हवा, याचा विचार करणारा माणूस मला जास्त प्रेमिक वाटतो.

'फोर्थ विंग' आली त्याच वर्षी, 2023 मध्येच, 'आयर्न फ्लेम' आली. तिच्यात दोघांचं एकच भांडण फिरून फिरून येतं. तो म्हणतो, विचारलंस तर सांगेन. ती म्हणते, न विचारता सांग. मला वाईट खोड आहे, समासात पेन्सिलीने रेघा ओढायची. हे भांडण आलं की एक रेघ. सातव्या रेघेला पेन्सिल खाली ठेवली. भांडण खोटं नाही हो, घरोघरी तेच असतं. पण इथे त्याच्यासाठी दोघांपैकी कुणी हातपाय हलवत नाही, नुसतं बोलतात. 2025 च्या 'ऑनिक्स स्टॉर्म'मधला बेटांचा प्रवास तर मला चक्क खोगीरभरती वाटला. शेवट दणदणीत आहे, तो सांगून तुमचा विरस करत नाही.

तेव्हा चौथ्यांदा उघडू नका. हेदर फॉसेट यांची 'एमिली वाइल्ड्स एन्सायक्लोपीडिया ऑफ फेअरीज' घ्या. 1909 सालची एक प्राध्यापक बाई, माणसांशी बोलायचं म्हटलं की हिच्या कपाळावर आठी. उत्तरेकडच्या बर्फाळ गावात पऱ्यांचा अभ्यास करायला जाते. मागोमाग न बोलावता तिचा सहकारी वेंडेल येऊन टपकतो. आळशी, नखरेल, दुसऱ्याच्या कष्टांवर नाव कमावणारा. पण घर आवरण्यात आणि शिवणात त्याचा हात धरणारा कुणी नाही. मी हसत हसत वाचत होते आणि कधी त्याच्या बाजूला सरकले, कळलंच नाही.

ड्रॅगन-पऱ्या नकोशा झाल्या तर एमिली हेन्रींची 'बुक लव्हर्स' आहे. त्यात एक साहित्यिक एजंट आणि एक संपादक दुसऱ्याच कुणाच्या हस्तलिखितावर काम करता करता जवळ येतात. समासात रेघा ओढणाऱ्या बाईला ती आवडणार, हे उघड आहे. तुमचं तुम्ही बघा.

प्रश्न : अशा कादंबऱ्यांतली शृंगाराची पानं मी गाळते. मग पुस्तक वाचलं असं म्हणायचा मला हक्क आहे का?

उत्तर : आहे. मी लढाया गाळते आणि वर मतंही देते. फक्त एमिली वाइल्डच्या तळटीपा गाळू नका. अक्षर बारीक आहे, चष्मा लावा. त्यात अख्ख्या गोष्टी दडवल्या आहेत.