भाड्याच्या घरातून केलेली प्रार्थना

नेरुळ, नवी मुंबई

प्रिय तरुण मित्रास,

प्रभूमध्ये सलाम.

मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, मध्यस्थीची म्हणजे इतरांसाठी देवाकडे मागण्याची प्रार्थना चालवण्याची पाळी तुझ्यावर आली, तेव्हा अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या आणि मनाने अजून नगरलाच असलेल्या माणसाने या शहरासाठी काय मागावे, असे तू विचारले आहेस. अशाच माणसांना बायबलमधील यिर्मया संदेष्ट्याने पत्र लिहिले होते. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेले यहूदी लोक दोन वर्षांत परततील, असे हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा यरुशलेमात सांगत होता. यिर्मयाने मात्र सत्तर वर्षांचा काळ सांगितला, घरे बांधा, बागा लावा असे कळवले आणि ज्यांनी धरून नेले त्यांच्याच नगरासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचे हित आहे, असेही लिहिले. तिथे हितासाठी आलेला हिब्रू शब्द 'शालोम' आहे. त्यात शांततेबरोबर आरोग्य आणि पोटापाण्याची सोयही येते. तुला तर येथे कोणी धरून आणलेले नाही.

मी स्वतः कित्येक वर्षे 'प्रभू, या शहराला आशीर्वाद दे' एवढेच म्हणून डोळे उघडत असे. एकदा शेजारच्या आगरी आजींनी सहज सांगितले की आमची इमारत उभी आहे तिथे त्यांची भातशेती होती. १९७० साली सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली आणि या नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्यात आल्या. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. हे मला ऐकून ठाऊक होते, पण माझ्या प्रार्थनेत त्याला कधी जागा मिळाली नव्हती. ज्यांच्या जमिनीवर आपण राहतो, त्यांच्याविषयी गप्प राहून त्या जमिनीवर आशीर्वाद मागणे मला तेव्हापासून जड जाऊ लागले.

म्हणून नेमके मागत जा. जूनमध्ये पाऊस लांबला की खालापूरकडच्या मोरबे धरणासाठी माग, कारण आपल्या नळाचे पाणी तिथून येते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांसाठी, आणि खाडीवर पोट असलेल्या कोळी कुटुंबांसाठी माग. महापालिकेच्या आयुक्तांसाठी आणि नगरसेवकांसाठी प्रार्थना करताना त्यांचा पक्ष मनात आणू नकोस. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला राजांसाठी व अधिकाऱ्यांसाठी विनंत्या करण्यास सांगितले, तेव्हा रोमचे राज्यकर्ते काही ख्रिस्ती नव्हते. शहरातले सगळे आपल्यासारखे व्हावेत, हा या प्रार्थनेमागचा छुपा हेतू असू नये, हे मी थोडे कठोरपणे सांगतो, कारण मंडळीत तो मोह मी वारंवार पाहिला आहे. इथे शेजाऱ्याच्या घरी गणपती बसतो, समोरच्या घरी रोजे असतात, आणि पाण्याचा टँकर सर्वांसाठी एकच येतो.

यरुशलेमचा तट पुन्हा बांधणाऱ्या नहेम्याने दूर पारसाच्या शूशन नगरात उपास करून प्रार्थना केली आणि यरुशलेमला पोहोचल्यावर रात्री थोडी माणसे बरोबर घेऊन पडका तट स्वतः पाहिला. तूही रविवारसाठी लिहिलेली यादी मला आत्ताच पाठवू नकोस. गुरुवारी पहाटे तुर्भ्याच्या भाजी मार्केटच्या फाटकाशी ये. माथाडी पाठीवरची पोती उतरवून चहाला थांबतात, तेव्हा त्यांच्याशी बोलू. यादी त्यानंतर करू.

तुझा,
मंडळीतील एक वडीलधारा