बॉनेटखाली व्ही-८ : जुन्या एमजीबीत रोव्हरचं इंजिन

जुन्या गाड्यांविषयी आलेल्या पत्रांत या वेळी एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचीच गर्दी आहे. तीन पत्रं इंग्लंडमधून, एक पुण्याहून.

प्रश्न : माझ्याकडे १९७२ची क्रोम बंपरची एमजीबी रोडस्टर आहे. रोव्हर एसडी-१चं ३.५ लिटरचं व्ही-८ इंजिन आणि त्याचाच पाच गिअरचा बॉक्स स्वस्तात मिळतोय. एवढं मोठं इंजिन घातलं तर गाडीचं नाक जड होईल, वळणावर ती पुढून घसरेल, असं मित्र म्हणतात. या कामात हात घालावा का?
– सु. दे., लेस्टर

उत्तर : वजनाची काळजी सोडा. एमजीबीचं मूळ १७९८ सीसीचं इंजिन सगळं बिडाचं आहे. रोव्हरचं ३५२८ सीसीचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) ॲल्युमिनियमचं. ब्लॉकही आणि हेडही. त्यामुळे ते चार सिलिंडरच्या इंजिनापेक्षा जड तर नाहीच, थोडं हलकंच भरतं. मूळ आराखडा अमेरिकेतल्या ब्यूइकचा, रोव्हरने त्याचे हक्क १९६५ साली घेतले. एमजीने स्वतःच १९७३ ते १९७६ या काळात जीटी (पक्क्या छपराची एमजीबी) व्ही-८ बनवली, २५९१ गाड्या. तेव्हा इंजिन बसतं का, हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वीच सुटलाय. तुमचा वेळ आणि पैसा खाणार आहे ते इंजिनाभोवतीचं सगळं.

पहिली अडचण एक्झॉस्टची. उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीत स्टिअरिंगचा दांडा आणि त्याचा युनिव्हर्सल जॉइंट नेमका उजव्या बाजूच्या पाइपांच्या वाटेत येतो. १९७४च्या शेवटी रबर बंपर आले तेव्हा कारखान्याने सगळ्याच एमजीबींना व्ही-८ला चालेल असा सांगाडा द्यायला सुरुवात केली. तुमची गाडी त्याआधीची, म्हणजे इंजिनाचे माउंट चेसिस रेलवर नव्याने वेल्ड करावे लागतील आणि इनर विंगमध्ये (चाकाच्या आतल्या बाजूच्या पत्र्यात) कापाकापी होईल. आमचं मत सरळ आहे : इनर विंगला भोक पाडून चाकाच्या कमानीतून खाली उतरणारे, एमजीच्याच १९९२च्या आरव्ही-८ गाडीच्या धर्तीचे हेडर (एक्झॉस्टचे पाइप) घ्या. कापायला जिवावर येतं खरं, पण स्टिअरिंगचा दांडा मोकळा होतो आणि निम्मी उष्णता बॉनेटखालून बाहेर जाते. भोकाच्या कडेला पत्र्याची पट्टी वेल्ड करून मजबुती द्या, आणि गाडी वेल्डिंगला नेण्यापूर्वी बॅटरी आणि अल्टरनेटरची जोडणी काढून ठेवा.

दुसरी अडचण उंचीची. एसडी-१चं इनटेक मॅनिफोल्ड आणि त्यावरचे दोन एसयू कार्ब्युरेटर बॉनेटला लागतात. बसका मॅनिफोल्ड आणि त्यावर एडलब्रॉकचा ५०० सीएफएमचा (मिनिटाला ५०० घनफूट हवा घेणारा) कार्ब्युरेटर हा नेहमीचा उपाय. एअर फिल्टरवर क्लेचे चार गोळे ठेवा, बॉनेट हळूच बंद करून पुन्हा उघडा आणि चेपलेल्या गोळ्यांची जाडी मोजा. किमान १२ मिमी जागा हवी. इंजिन उभ्या गाडीत शांत बसलेलं असतं, पण क्लच सोडताना माउंटवर झुकतं, आणि ५ मिमी जागा असेल तर पहिल्याच जोरात बॉनेटला आतून टेंगूळ येतं. क्लेची हीच युक्ती संप (इंजिनाखालची तेलाची टाकी) आणि क्रॉसमेंबर (त्याखालचा आडवा तुळईसारखा भाग) यांच्या मधल्या जागेसाठीही वापरा. कार्ब्युरेटर बदलला की पेट्रोलचा दाबही बघा : एडलब्रॉकला ५ ते ६ पीएसआय लागतो, मूळ एसयू पंप साधारण तीनच देतो.

आता गिअरिंग. इथेच बरेचजण फसतात. तुमच्या मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर ३.९ आहे. एसडी-१च्या बॉक्सचा पहिला गिअर ३.३२. दोन्ही मिळून पहिला गिअर जवळजवळ १३ : १ होतो, म्हणजे सिग्नलवरून निघून चौक ओलांडायच्या आत दुसरा टाकायची वेळ. पाचव्यात ताशी ७० मैलांना इंजिन ३१०० आरपीएमच्या आसपास फिरेल. कारखान्याच्या व्ही-८मधला ३.०७चा डिफरन्शियल घातला तर तोच आकडा २४५०च्या घरात येतो. क्राउन व्हील आणि पिनियन सुटे शोधू नका, अख्खा डिफरन्शियल घ्या. कॅरिअर (क्राउन व्हील ज्यावर बसतं तो भाग) जुळला नाही की गिअर कण्हायला लागतात आणि मग शिमा (पातळ चकत्या) बदलण्यात महिने जातात. मूळ ट्यूब ॲक्सल साध्या ३.५ लिटरला पुरतो. प्रॉपशाफ्ट नव्या लांबीचा करून घ्यावा लागेल, तोही बॅलन्स करून. गिअरबॉक्सवरचा जमिनीतला बोगदा बेलहाउसिंगपाशी (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडापाशी) रुंद करावा लागेल. पुढच्या ब्रेकना व्ही-८च्या जाड डिस्क आणि त्यांचे कॅलिपर लावा, यात काटकसर नको.

इंजिन आत टाकण्यापूर्वी पुढचं कव्हर उघडून टायमिंगचा गिअर बघा. नायलॉनचे दात असतील तर पोलादी संच घाला. झिजलेले दात तुटून संपमध्ये पडतात आणि तेलाच्या जाळीत अडकतात. कॅमशाफ्टच्या लोबांवरही (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या उंचवट्यांवर) बोट फिरवा. हे इंजिन कॅम खातं, विशेषतः तेल वेळेवर बदललेलं नसेल तर.

प्रश्न : १९७८ची जीटी, व्ही-८ बसवून झालं. मोटरवेवर काटा मधोमध असतो, पण ट्रॅफिकमध्ये दहा मिनिटांत लालपर्यंत चढतो. रेडिएटर नवा आहे. आता त्याहून मोठा घ्यावा का?
– प्र. जो., स्लाव

उत्तर : नको. वेगात थंड आणि थांबल्यावर गरम, याचा अर्थ पाण्याची नव्हे, हवेची कमतरता. (उलट असतं, वेगातच तापत असती, तर रेडिएटर तुंबलाय किंवा खालचा होज चोखला जाऊन चपटा होतोय, असं म्हटलं असतं.) इंजिन बंद करून फॅन थेट बॅटरीवर चालवा आणि रेडिएटरसमोर कागद धरा. रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या फॅनने हवा इंजिनाकडे ढकलायला हवी, म्हणजे रेडिएटरच्या मागून ती हाताला लागली पाहिजे. वायरी उलट जोडल्या की फॅन ऐटीत फिरतो, पण हवा समोर फेकतो. ही चूक वाटते त्यापेक्षा फार जास्त वेळा सापडते. मग रेडिएटरच्या कडेच्या फटी फोमने बुजवा. हवा नेहमी सोपी वाट धरते. इग्निशनचं टायमिंग मागे असेल तर हेड आणि एक्झॉस्ट जास्त तापतात, तेही तपासा.

हे सगळं ठीक निघालं तर हेड गॅस्केटवर संशय घ्या. जुन्या रोव्हर व्ही-८च्या प्रत्येक हेडला १४ बोल्ट असतात. त्यातली एक्झॉस्टच्या बाजूची बाहेरची रांग इतरांइतकीच आवळली की हेड किंचित तिकडे कलतं आणि आतल्या बाजूने गॅस्केट फुंकतं. रेडिएटरच्या तोंडावर गॅस तपासायची नळी लावा : आतलं निळं द्रव पिवळं झालं तर ज्वलनाचा वायू पाण्यात येतोय.

प्रश्न : रोव्हरचं व्ही-८ पूर्ण खोलून बांधलं. स्टार्टर मारतोय, पण तेलाचा दाब शून्य. पंप नवा आहे.
– एक वाचक, वेम्बली

उत्तर : स्टार्टर ताबडतोब थांबवा. पंप बहुधा ठीक असणार. तो पुढच्या कव्हरमध्ये, संपमधल्या तेलाच्या बराच वर बसतो आणि कोरडे गिअर तेल ओढू शकत नाहीत. पंपाचं कव्हर काढा आणि गिअरांच्या सगळ्या पोकळीत पेट्रोलियम जेली ठासून भरा. ग्रीस नको, ते तेलात विरघळत नाही. मग डिस्ट्रिब्यूटर काढून, खालच्या शाफ्टच्या टोकाला बसेल असा तुकडा ड्रिलला लावा आणि रोटर फिरतो त्याच दिशेने फिरवा. काही सेकंदांत ड्रिल एकदम जड लागेल. तेल आलं.

गाडी सुरू झाल्यावर २४०० आरपीएमला ३० ते ४० पीएसआय दिसला की निश्चिंत राहा. एमजीबीच्या मूळ इंजिनाचे आकडे पाहिलेल्यांना हा दाब कमी वाटतो, पण या इंजिनाचा तोच स्वभाव. कॅम नवा असेल तर पहिली वीस मिनिटं आयडलवर ठेवू नका, २००० ते २५००वर चालवा. ठिणगीचा क्रम १-८-४-३-६-५-७-२; विषम आकडे डाव्या बँकेला (सिलिंडरच्या रांगेला), म्हणजे चालकाच्या जागेवरून पाहिलं तर डावीकडे.

प्रश्न : आजोबांची १९७१ची एमजीबी घरात आहे, मूळ इंजिनासकट. इंग्लंडहून व्ही-८ मागवून बसवलं तर आरटीओत नोंद होईल का?
– मि. का., पुणे

उत्तर : त्या वाटेला जाऊ नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या कागदांवरचं वर्णन बदलेल असा फेरफार करू देत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. शिवाय तुमच्या हातात त्याहून मोलाची गोष्ट आहे. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांवरची खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. अट एकच महत्त्वाची : चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नसावा. व्ही-८ घातलं की ही वाट बंद.

मूळ इंजिन पाच बेअरिंगचं आहे, दणकट. त्याला आधी पेट्रोलचे होज बदलून द्या. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुनं रबर आतून सुटतं, त्याचे काळे कण एसयूच्या फ्लोट चेंबरमध्ये जाऊन नीडल व्हॉल्व्ह अडतो आणि पेट्रोल ओव्हरफ्लो होऊन खालच्या तापलेल्या एक्झॉस्टवर टपकतं. होज घेताना इथेनॉलला चालणारा आर-९ प्रतीचा मागा, आणि क्लिप गोल आवळणारी घ्या; स्क्रूची दातेरी पट्टी मऊ होजला कापते.