आजोबांच्या पेटीतला जुना सेफ्टी रेझर हिरवा पडलाय आणि जाम झालाय. साफ करून वापरता येईल का?

येईल. तुम्ही लिहिलंय की अमळनेरचं धाब्याचं घर उतरवताना पत्र्याच्या पेटीत हा रेझर सापडला, खालची कळ फिरवली की वरची दोन झाकणं उघडायला हवीत ती उघडत नाहीत, आणि कुणीतरी व्हिनेगरमध्ये खायचा सोडा घालून रात्रभर बुडवून ठेवायला सांगितलंय. तेवढं सोडून काहीही करा.

मी भुसावळचा. आमच्या घरात असे तीन रेझर आहेत, चौथा मी मारला. आबांचा होता, मेड इन इंग्लंड, तीन तुकड्यांचा. व्हिनेगरच्या वाटीत टाकून झोपलो. सकाळी हिरवं गेलेलं, पण सोबत निकेलही गेलं. मुठीवर पिवळे चट्टे. ते झाकायला म्हणून तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर घेतली, तर उरलंसुरलंही उतरलं. आत्या दारातून बघत होती. म्हणाली, "देव घासी राहिना का रे?" देव घासायचीच पद्धत होती ती. देवघरातलं पितळ उघडं असतं, रेझरचं पितळ झाकलेलं असतं, हा फरक मला तेव्हा कळला नाही.

जुने चांगले रेझर बहुतेक पितळेचे, वर निकेलचा किंवा सोन्याचा मुलामा. हा मुलामा केसाहून पातळ. म्हणजे तुम्हाला रेझर चमकवायचा नाहीये, त्यावर बसलेलं तेवढं काढायचंय. आणि काय बसलंय ते रंगावरून ओळखता येतं. पांढरं कडक असेल तर आपल्या बोअरच्या पाण्याचे क्षार. काळपट चिकट असेल तर साबण, तेल आणि मेलेली कातडी. हिरवं म्हणजे मुलामा कुठेतरी फाटलाय आणि आतलं पितळ कळकलंय, बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं ना, तोच प्रकार. तांबूस गंज दिसला तर घाबरू नका, पितळ गंजत नाही. तो बहुधा आत राहिलेल्या जुन्या ब्लेडचा असतो.

ब्लेड आत असेलच असं धरून चाला आणि बोटं झाकणांच्या फटीत घालू नका.

व्हिनेगर आणि सोडा एकत्र केले की फसफस छान दिसते, पण ते एकमेकांना मारतात. उरतं ते जवळपास नुसतं खारट पाणी. आणि सोडा कमी पडला तर आम्ल उरतं, ते रात्रभर मुलामा खात बसतं.

मी आता काय करतो ते सांगतो. कोमट पाणी, उकळतं नाही. सोन्याच्या मुलाम्यावर लाखेसारखा पारदर्शक थर दिलेला असायचा, तो कढत पाण्याने सुटतो; मूठ बॅकेलाइटची, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकची, असेल तर ती पांढुरकी पडते. त्या कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब घालून रेझर तासभर पडू द्यायचा. मग लहान मुलांचा मऊ टूथब्रश. टूथपेस्ट नको, तिच्यात घासणारी पूड असते. जळगावच्या सराफाकडे दागिना धुताना बघितलंय का कधी? रिठ्याचं पाणी आणि मऊ ब्रश. तोच रिठा इथे चालतो, फेस कमी येतो पण मळ सोडवतो. घरात रिठे असतील तर लिक्विडच्या आधी तेच वापरा.

एवढ्याने काळं जातं. पांढरं जात नाही, त्याला आम्ल लागतंच. पेलाभर पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात सुटं मिळतं. रेझर पाच मिनिटं बुडवायचा आणि तिथेच उभं राहायचं. फोन आला तर आधी रेझर बाहेर काढायचा, मग फोन घ्यायचा. काढून धुवायचा, बघायचा, हवं तर आणखी पाच मिनिटं. हिरवं उरलं असेल तर त्याच पाण्यात कापसाचा बोळा भिजवून तेवढ्याच जागी फिरवायचा. पण रेझर आम्लात घालण्याआधीच एक तपासा: मुलाम्याखाली फोड आल्यासारखे करडे बुडबुडे दिसताहेत का? तसं असेल तर रेझर जस्ताच्या मिश्रधातूचा आहे, त्याला आम्ल लावूच नका. आट्यांच्या आत पिवळं दिसलं तर पितळ, मग काळजी नाही.

आता जाम झालेली कळ. दांडीत बहुतेक वेळा गंज नसतो, वाळलेला साबण आणि क्षार दगडासारखे बसलेले असतात. पक्कड लावाल तर कळीवरची नक्षी तरी जाईल नाहीतर आतली दांडी पिळेल. सायट्रिकची पाच मिनिटं, मग कोमट साबणाचं पाणी, मग कोरडा करून झाकणांच्या बिजागरीत आणि कळीच्या मुळाशी शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, रेझर उलटा उभा करून रात्रभर. सकाळी कळ अगदी थोडी पुढे, थोडी मागे. माझ्या एका रेझरला असे चार दिवस लागले. पाचव्या दिवशी 'टक्' झालं आणि झाकणं फुलपाखरासारखी उघडली, आत अर्धं ब्लेड, बाकीचं लाल पावडर. खोबरेल घालू नका. धुळ्याच्या डिसेंबरात ते बाटलीत गोठतं तसं आतही गोठेल, आणि पुढे खवट होऊन चिकटेल.

बफ मारून, म्हणजे फिरत्या चाकावर घासून, नवीन प्लेटिंग करून देणारे भेटतील. मी करत नाही, बफने आधी कोरलेली अक्षरं जातात, आणि त्या अक्षरांतच गंमत असते. १९५०च्या दशकातल्या अमेरिकन जिलेटवर ब्लेडच्या बाजूला खाली एक अक्षर आणि एक आकडा असतो. अक्षर वर्षाचं, आकडा तिमाहीचा. ए म्हणजे १९५५, ई म्हणजे १९५९. तुमच्या रेझरवर असेल तर आजोबांनी तो कधीनंतर घेतला असेल याचा अंदाज येईल.

वापरण्याआधी मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट वाटीत घेऊन दहा मिनिटं बुडवा, गॅसपासून लांब. ब्लीच नको, ते निकेल खातं. नवं ब्लेड लावून उजेडात बघा, दोन्ही बाजूंनी सारखंच बाहेर डोकावतंय ना. एका बाजूला जास्त असेल तर झाकण वाकलंय, मग तो रेझर कपाटातच शोभेल. पहिली दाढी केसांच्या दिशेनेच, हात हलका. आजच्या बदलत्या डोक्याच्या कार्ट्रिज रेझरची सवय असलेला माणूस दाबतो, आणि दाबलं की हा कापतो. ओले लाल ठिपके आले तर तुरटी आहेच.

आणि दाढी झाल्यावर शेवटचा हात आरओच्या पाण्याचा मारा, पुसून ठेवा. बोअरच्या पाण्याने धुऊन तसाच ठेवलात तर पंधरा दिवसांत बिजागरीत ती पांढरी रेघ परत दिसेल.