दिरांचे पाच लाख खात्यात घेऊ नका, ताई

नाशिकहून एका शिक्षिका ताईंनी लिहिलंय. लग्नाला वीस वर्षं होताहेत आणि दोघांना मे महिन्यात नॉर्वे-स्वीडनकडे जायचंय. टूर कंपनीने चार देश, अकरा दिवसांचे माणशी 3 लाख 95 हजार सांगितलेत. टिप्स, खरेदी, मुंबईपर्यंतचं जाणं-येणं धरून त्यांचा आकडा पावणेनऊ लाखांवर गेला. मिस्टर सातपूरला कंपनीत आहेत. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 1 लाख 60 हजार, गृहकर्जाच्या हप्त्यासकट घरखर्च 85 हजार, एसआयपी 20 हजार. बचत खात्यात 1 लाख 80 हजार, एफडी 7 लाख, आणि लेकीच्या शिक्षणासाठी म्युच्युअल फंडात 11 लाख. लेक अकरावीत आहे. बँक साडेबारा टक्क्यांनी सहा लाखांचं पर्सनल लोन द्यायला तयार आहे. एजंट म्हणतो, व्हिसासाठी खात्यात शिल्लक कमी दिसते, कुणाकडून तरी महिनाभर पाच लाख घेऊन ठेवा. धाकटे दीर द्यायला तयार आहेत. ताईंचा प्रश्न एका ओळीचा आहे: कर्ज काढून जावं, की पुढच्या वर्षावर टाकावं?

ताई, पुढच्या वर्षावर टाकू नका. असं सांगणारा सल्लागार विरळाच, पण तुमचं कॅलेंडर बघा. शाळेमुळे तुम्हाला मोठी सुट्टी फक्त मे ते मध्य जूनमध्ये. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात लेकीची सीईटी, मग निकाल, मग प्रवेशाच्या फेऱ्या. त्या वर्षी तुम्ही घराबाहेर पडणार नाही आणि पडलात तरी जीव इकडेच अडकलेला असेल. त्यानंतर कॉलेजची फी सुरू. म्हणजे निवड आहे ती यंदा किंवा अजून दोन वर्षांनी, अशी. तेव्हा जा. पण कर्ज नको, दिरांचे पैसे तर मुळीच नकोत, आणि चार देश एका दमात करायचा हट्टही सोडा.

आधी कर्जाचं बोलू, ते सोपं आहे. सहा लाख, साडेबारा टक्के, तीन वर्षं: हप्ता वीस हजारांच्या थोडा वर, एकूण व्याज सव्वा लाखाला दोन-अडीच हजार कमी. तेवढ्या व्याजात दोघांची विमानाची तिकिटं जवळजवळ निघतात. त्याहून वाईट म्हणजे हे हप्ते संपणार कधी? लेक इंजिनीअरिंगला गेली, तर तिचं दुसरं वर्ष संपेपर्यंत. मग एखाद्या फीच्या महिन्यात तुम्ही एसआयपी थांबवाल. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी सात जणांची गाडी तिथेच घसरते.

आता दिरांचे पाच लाख. माझ्याकडचं एक जोडपं हेच करून बसलं होतं. स्टेटमेंट मी नंतर पाहिलं. पगार जमा, किराणा, वीजबिल, शिल्लक अडतीस हजार. पुढच्याच ओळीत चुलतभावाकडून पाच लाख. त्यानंतर सहाव्या दिवशी स्टेटमेंट काढलं आणि जोडलं. नकाराचा कागद आला तो ठरलेल्या नमुन्यातला: छापील कारणांची यादी आणि दोन चौकटींत खुणा. एक, दिलेली माहिती विश्वासार्ह वाटत नाही. दुसरी, मुदतीत परत जाल याची खात्री पटत नाही. व्हिसाची फी परत मिळत नाही, ती गेली. स्वस्तात मिळतंय म्हणून रद्द न होणारी हॉटेलं घेतली होती, तीही गेली. आणि हा नकार नोंदीत राहतो, पुढचा अर्ज तपासणाऱ्याला तो दिसतो, ते वेगळंच.

अर्ज तपासणाऱ्याला तुमच्या खात्यात डोंगर दिसायला नको असतो. पैसा तुमचाच आहे आणि तुम्ही परत याल, एवढं त्याला पटावं लागतं. नॉर्वेचा ढोबळ निकष माणशी दिवसाला 500 क्रोनरचा आहे. क्रोनर नऊ रुपयांच्या आसपास धरा. दहा दिवसांचे दोघांचे लाखभर रुपये होतात. तुमच्या बचत खात्यात आजच त्याहून जास्त आहेत! शिवाय दोन पगार, फॉर्म 16, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, स्वतःचं घर, नाशकात शिकणारी लेक. याहून भक्कम अर्ज कुठला? एफडीच्या पावत्या जोडा. आणि म्हणूनच व्हिसा हातात येईपर्यंत एकही एफडी मोडू नका. पावती हा पुरावा आहे, तर मोडलेली एफडी म्हणजे खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम, जिचा खुलासा पुन्हा लिहीत बसावं लागेल.

मग पैसे आणायचे कुठून? सहा महिन्यांचा घरखर्च, म्हणजे 5 लाख 10 हजार, एफडीत राहू द्या. त्याला हात नाही. उरले 1 लाख 90 हजार. बचत खात्यातून चाळीस हजार ठेवून 1 लाख 40 हजार. फेब्रुवारी ते मे चार महिने. कागदावर तुमचे दरमहा 55 हजार उरतात, ते प्रत्यक्षात कुणाचेच उरत नाहीत, म्हणून मी 40 धरतो. 1 लाख 60 हजार. बेरीज 4 लाख 90 हजार. सहल एवढ्यात बसवायची, आणि बसते.

स्वीडन यंदा सोडा, फिनलंडही. कोपनहेगनला दोन रात्री, तिथून रात्रीच्या जहाजाने ओस्लो (हॉटेलची एक रात्र वाचते आणि सकाळी ओस्लोफियॉर्डच्या लांब खाडीतून आत शिरताना डेकवर उभं राहता येतं), ओस्लोला दोन, फ्लोमला एक, बर्गनला तीन. नऊ रात्री. मेच्या शेवटी डोंगरावरचं बर्फ वितळत असतं, धबधबे भरलेले असतात. 17 मे हा नॉर्वेचा राष्ट्रीय दिवस. मिरवणुका सुंदर, पण दुकानं बंद आणि हॉटेलं महाग, त्यामुळे 20 नंतर निघा. ओस्लोहून बर्गनच्या गाडीने मिर्डाल, तिथून वीस किलोमीटरची फ्लोमची रेल्वे साडेआठशे मीटर खाली उतरते, मग बोटीने नेरॉयफियॉर्डमधून गुडवांगन, बसने व्हॉस, पुन्हा रेल्वे. हे सगळं एकत्र पॅकेज म्हणूनही विकतात आणि सुटं सुटंही घेता येतं. सुटं घ्या. सातपूरच्या कंपनीत मालाचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या माणसाला चार तिकिटं जुळवणं अवघड नाही.

माझा अंदाज: विमान दीड लाख, हॉटेलं सव्वा लाख, रेल्वे-बोट सत्तर हजार, खाणं साठ हजार, व्हिसा आणि विमा तीस हजार. 4 लाख 35 हजार. वरचे 55 हजार हातचे, कारण विमानाचं भाडं माझं ऐकत नाही. खाण्याचे साठ हजार तेव्हाच पुरतील, जेव्हा हॉटेलचा नाश्ता पोटभर कराल आणि एक जेवण सुपरमार्केटमधून घ्याल. रोज दोन्ही वेळा बाहेर बसलात तर दुप्पट. नळाचं पाणी पितात, बाटल्या घेऊ नका. चटण्या, मेतकूट न्या. तूप आणि खव्याचं काही मात्र नको, भारतातून दुधाचे पदार्थ तिथे न्यायला मनाई आहे.

टूरवाले लुटतात असं मी म्हणत नाही. सोबत सत्तरीतले आईवडील असते तर मीच म्हणालो असतो, टूर घ्या, रोज वरणभात मिळेल. पण अकरा दिवसांत चार राजधान्या म्हणजे बॅगा भरण्याचाच कार्यक्रम. तरीही टूरच घ्यायची ठरली, तर ‘लवकर बुकिंग’चे परत न मिळणारे लाख रुपये भरण्याआधी एक प्रश्न लेखी विचारा: व्हिसा नाकारला तर किती परत? पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेतात तो बिलात वेगळा दाखवायला सांगा. तो खर्च नव्हे, विवरणपत्रात वळता होतो, पण परत मिळेपर्यंत पैसे अडकतात. एजंट हे सहसा स्वतःहून सांगत नाहीत.

आता क्रम, कारण पैसे बुडतात ते क्रम चुकल्याने. सहलीच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, ताणलं तर पंचेचाळीस. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना चालणारा सामाईक व्हिसा, एकच असला तरी अर्ज जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे, म्हणजे तुमचा नॉर्वेकडे. तुमच्या शाळेच्या ना-हरकत पत्राला वेळ लागेल, ते आजच मागा. बाकी कागद आठवड्यात जमतात. हॉटेलं रद्द करता येणारीच घ्या. विमानाचं फक्त आरक्षण जोडा, तिकीट नाही. विमा किमान 30,000 यूरोंचा सक्तीचा आहे, पण थोडा जास्त हप्ता भरून मोठा घ्या, तिकडचं हॉस्पिटल तीस हजार यूरोंत आटपेलच असं नाही. फी माणशी 90 यूरो, व्हिसा केंद्राचा सेवाआकार वेगळा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात अर्ज, व्हिसा आला की त्याच दिवशी तिकीट, मग एफडी मोडायची. सात लाखांची एकच पावती असेल तर बँकेत विचारा, अर्धवट मोडता येते का. मुदतीआधी मोडल्याचं थोडं व्याज जाईल, जाऊ द्या. कर्जाच्या सव्वा लाखापुढे ते काहीच नाही.

तिकडे सगळीकडे कार्ड चालतं, रोख फारशी लागत नाही. मशीनने ‘रुपयांत की क्रोनरमध्ये’ विचारलं की क्रोनर म्हणा. रुपये म्हणालात तर दर दुकानाची मशीन लावते. साध्या क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा आकार साडेतीन टक्क्यांपर्यंत आणि वर जीएसटी, त्यामुळे निघण्याआधी कमी आकाराचं एक कार्ड किंवा फॉरेक्स कार्ड करून घ्या.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. लेकीच्या 11 लाखांपैकी पहिल्या दोन वर्षांच्या फीएवढी रक्कम इक्विटी (शेअर बाजारातल्या) फंडात असेल, तर ती आता हळूहळू सुरक्षित फंडात हलवायला घ्या. प्रवेशाला दीडच वर्ष उरलंय. सहलीपेक्षा हे काम जास्त तातडीचं आहे.

आणि दिरांना सांगा, पैसे नकोत. त्यापेक्षा दहा दिवस लेकीला क्लासला सोडायचं-आणायचं तेवढं बघा.